महाभियोग: आरोप की हकालपट्टी?

क्लिंटन यांच्यावर १९९८ साली महाभियोग झाला असं वाचते, आणि तरी ते २००१ पर्यंत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. वडील ठामपणे म्हणतात, महाभियोग म्हणजे हकालपट्टी. मग शब्द चुकलाय की आमची समजूत? एका भाषांतरात हा शब्द आलाय, म्हणून विचारते.

—

शब्द बरोबर आहे. अभियोग म्हणजे आरोप, फिर्याद. 'अभियोक्ता' तर आपण कोर्टाच्या बातम्यांत वाचतोच. पुढे 'महा' लागलं म्हणून निकाल लागत नाही. अमेरिकेत प्रतिनिधिगृहाने साध्या बहुमताने आरोप ठेवले की इम्पीचमेंट (महाभियोग) झालं. खटला चालतो सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहात, आणि दोषी ठरवायला हजर सदस्यांची दोन तृतीयांश मतं लागतात. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन १८६८ मध्ये एका मताने वाचले: विरोधात ३५, बाजूने १९. क्लिंटन १९९९ मध्ये सुटले, ट्रम्प २०२० आणि २०२१ असे दोनदा. सिनेटने आजवर एकाही राष्ट्राध्यक्षाला काढलेलं नाही. निक्सन यांचं नाव लोक या यादीत हमखास घुसडतात. त्यांनी ऑगस्ट १९७४ मध्ये, प्रतिनिधिगृहात मतदान होण्याआधीच राजीनामा दिला.

पण तुमच्या वडिलांचंही चुकलं म्हणवत नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम ६१ मध्ये एक सभागृह दोषारोप ठेवतं, दुसरं चौकशी करतं, आणि एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश बहुमताने ठराव झाला की राष्ट्रपती त्याच दिवसापासून पायउतार. म्हणजे आरोपापासून गच्छंतीपर्यंत सगळं एकाच शब्दात. आपल्या एकाही राष्ट्रपतीवर ही वेळ आलेली नाही, तरी शब्दाचा दरारा राहिलाच. न्यायाधीशांच्या बाबतीत घटना फक्त पदावरून दूर करण्याबद्दल बोलते. तिथे महाभियोग हा शब्द वर्तमानपत्रांनी चिकटवला.

—

मला वाटतं घोळ क्रियापदाचा आहे. 'महाभियोग झाला' म्हटलं की 'ऑपरेशन झालं'सारखं वाटतं, विषय संपला. भाषांतरात प्रतिनिधिगृहासाठी 'महाभियोगाचे आरोप ठेवले' आणि सिनेटसाठी 'महाभियोगाचा खटला चालला' असं लिहा. थोडं लांबेल, पण वाचणारा फसणार नाही.

—

अमेरिकी राज्यघटनेतल्या महाभियोगाच्या कलमातली 'मिस्डिमिनर'ची मेख राहिली. देशद्रोह, लाचखोरी आणि 'हाय क्राइम्स अँड मिस्डिमिनर्स' अशी कारणं दिली आहेत. आजच्या तिकडच्या फौजदारी कायद्यात मिस्डिमिनर म्हणजे किरकोळ गुन्हा. केंद्रीय कायद्यात एक वर्षापर्यंत कैद असेल तर मिस्डिमिनर, त्याहून जास्त असेल तर फेलनी. म्हणून काही जण 'गंभीर आणि किरकोळ गुन्हे' लिहून मोकळे होतात. किरकोळ गुन्ह्यासाठी कोण राष्ट्राध्यक्षाला खाली खेचेल? इथे अर्थ पदाचा गंभीर गैरवापर असा जुना आहे. (फेलनीला 'दखलपात्र' म्हणणंही टाळा. दखलपात्र हे पोलिसांच्या अधिकारावरून ठरतं, फेलनी शिक्षेच्या मुदतीवरून.)

गंमत म्हणजे या शब्दांमागे आपला ओळखीचा माणूस आहे. सप्टेंबर १७८७ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकी राज्यघटनेवर चर्चा चालली असताना तिथले एक प्रतिनिधी जॉर्ज मेसन म्हणाले, नुसता देशद्रोह आणि लाच पुरत नाही, हेस्टिंग्जचंच बघा. तोच वॉरन हेस्टिंग्ज, ज्याच्या कारकिर्दीत १७८२ चा सालबाईचा तह झाला! ब्रिटिश संसदेत त्याच्यावर तेव्हा महाभियोगच चालू होता. मेसन यांना 'गैरकारभार' हा शब्द घालायचा होता. दुसरे प्रतिनिधी मॅडिसन यांनी हरकत घेतली: इतका मोघम शब्द ठेवला तर राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या मर्जीवर राहील. मग 'हाय क्राइम्स अँड मिस्डिमिनर्स' हा शब्दप्रयोग आला. तेव्हा 'गैरकारभार' असं भाषांतर करू नका, तो शब्द मुद्दाम गाळलेला आहे. मी 'महाअपराध व पदाचा गंभीर दुरुपयोग' लिहीन. हेस्टिंग्ज १७९५ मध्ये निर्दोष सुटला, खटला सात वर्षं चालल्यावर.

—

'आरोप ठेवले' घेते, 'पदाचा दुरुपयोग'सुद्धा. वडिलांना कलम ६१ वाचून दाखवलं. "म्हणजे मी बरोबरच होतो," म्हणाले. जॉन्सनच्या एका मताचं सांगायला घेतलं, तोवर बातम्या लागल्या.