आयडाहोच्या रानात उडताना आधी माग की आधी बीकन?

रानधावपट्टी

सहा वर्षं झाली, बॉइसीजवळच्या कॉल्डवेल विमानतळावरून उडतोय. चौघांच्या भागीदारीतलं सेसना 182 आहे. उन्हाळ्यात बहुतेक शनिवारी उत्तरेला फ्रँक चर्च अरण्यात जातो. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. 1980 साली राखीव केलेलं हे रान आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा थोडंसंच लहान आहे, आणि आत मोटाररस्ता जवळपास नाहीच. सॅमन नदीच्या मधल्या फाट्याला दोन्ही अंगांनी कडे, आणि त्यांच्या बेचक्यात जुन्या धावपट्ट्या. अरण्य राखीव झालं तरी कायद्याने त्या तशाच राहू दिल्या. दरीत शिरलं की मोबाइलची रेंज जाते, रडारला आपण दिसत नाही, एडीएस-बीचा, म्हणजे विमान आपली जागा आपोआप कळवत असतं त्याचा, सिग्नल डोंगर अडवतो. जवळपास कुणी रेडिओवर 122.9 मेगाहर्ट्झला ऐकत असेल तरच आपला आवाज कुणाच्या कानी पडणार.

आमच्या विमानात जुना, 121.5 मेगाहर्ट्झचा ईएलटी आहे. ईएलटी म्हणजे विमान आपटलं की धक्क्याने आपोआप सुरू होणारा बीकन. पण 1 फेब्रुवारी 2009 पासून उपग्रह ही फ्रीक्वेन्सी ऐकत नाहीत. वरून जाणाऱ्या एखाद्या विमानाने ऐकली तर ऐकली. तरीही तो कायद्यात बसतो, आणि भागीदारांपैकी एकाला तेवढं पुरेसं वाटतं. मला अजिबात वाटत नाही.

यंदा पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. नवा 406 चा, म्हणजे उपग्रह ऐकतात त्या 406 मेगाहर्ट्झचा ईएलटी बसवायचा, की दोन मिनिटांच्या मागासकट इनरीच घ्यायचं? इनरीच म्हणजे उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र; ते ठरावीक वेळाने आपल्या जागेचा ठिपका घरच्यांच्या नकाशावर टाकत जातं, तोच माग. माझं मत इनरीचच्या बाजूने आहे.

गणित साधं आहे. 110 नॉटने आपण दहा मिनिटांत 34 किलोमीटर जातो. म्हणजे दर दहा मिनिटांनी ठिपका पडत असेल, तर शेवटच्या ठिपक्यापासून 34 किलोमीटरपर्यंतचं कुठलंही खोरं धुंडाळावं लागेल. दोन मिनिटांवर आणलं की हेच अंतर सात किलोमीटरच्या आत येतं, आणि आधीच्या ठिपक्यांवरून कुठल्या दरीत वळलो तेही कळतं. बेशुद्ध झालो, विमान जळालं, अँटेना तुटली, तरी तोवरचा माग उपग्रहावरून पोचलेला असतो. तो कुणी पुसू शकत नाही.

स्टीव्ह फॉसेट आठवा. बलूनमधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केलेला माणूस. 3 सप्टेंबर 2007 ला नेवाडातल्या एका रँचवरून छोट्या डेकॅथलॉन विमानातून निघाला. फ्लाइट प्लॅन नव्हता, आणि ईएलटीचा सिग्नल कुणालाच मिळाला नाही. एवढी मोठी शोधमोहीम झाली की दुसऱ्याच जुन्या विमानांचे अवशेष सापडले, याचं मात्र सापडलं नाही. वर्षभराने सिएरा नेवाडात एका पदयात्रीला त्याची ओळखपत्रं मिळाली, तेव्हा कुठे पत्ता लागला. दर दोन मिनिटांचा माग असता तर कुठल्या डोंगरात शोधायचं हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

शिवाय इनरीचवर दोन्ही बाजूंनी निरोप जातात. 'दोघे आहोत, एकाचा पाय मोडलाय, आग नाही' एवढं कळलं तरी येणारे लोक काय घेऊन यायचं ते ठरवू शकतात.

तुमचं मत सांगा. विरोधात असेल तर जरूर सांगा, पुढच्या आठवड्यात भागीदारांची बैठक आहे.

पाना_पकड

मी अँकरेजला विमानांचा मेकॅनिक आहे. तुमचं मत मला पटत नाही, आणि हा जीवाचा प्रश्न आहे म्हणून स्पष्टच लिहितो.

ठिपका थांबला याचा अर्थ काय? तुम्ही मासे पकडायला उतरलात तरी तो थांबतो, यंत्राची बॅटरी उतरली तरी थांबतो, आणि विमान कोसळलं तरी थांबतो. तिन्ही वेळेला घरच्या पडद्यावर एकच चित्र. इनरीचचा एसओएस दाबायला शुद्धीवरचा माणूस आणि धड हात लागतो. ईएलटीला दोन्ही लागत नाही. 406 चा बीकन दर 50 सेकंदांनी 5 वॅटचा संदेश सोडतो, त्यात त्याचा स्वतःचा कोड असतो आणि जीपीएस जोडलेलं असेल तर जागाही. तो संदेश मेरीलँडमधल्या नियंत्रण केंद्रावरून फ्लोरिडात टिंडल तळावरच्या हवाई दलाच्या बचाव केंद्रात जातो. घरी कुणी जागं आहे की नाही यावर काही अवलंबून नाही.

आणि तुमच्या जुन्या ईएलटीबद्दल. शेवटच्या वार्षिक तपासणीत तुम्ही तिथे होतात का? मी गिऱ्हाइकाला मुद्दाम उभं करतो. डबा बैठकीतून काढायचा, त्याच्यावरचा बाण जिकडे असतो तिकडे हात झटक्याने न्यायचा आणि तितक्याच झटक्याने मागे ओढायचा. आतला स्विच लागला की 121.5 वर लावलेल्या रेडिओत तो खाली उतरत जाणारा आवाज येतो. हे तासाच्या पहिल्या पाच मिनिटांतच करायचं, म्हणजे कुणी खरा समजून धावणार नाही. मी कितीतरी डबे असे झटकलेत ज्यांतून काहीच आलं नाही. बॅटरी अर्ध्या आयुष्याला बदलायची असते, आणि लोकांना तारीखही माहीत नसते. यंत्राला नाव ठेवण्याआधी हे बघा.

रानधावपट्टी

पानासाहेब, तपासणीला मी नव्हतो. पुढच्या वेळी नक्की उभा राहीन.

पण तुमच्याच अलास्कातलं उदाहरण देतो. 9 ऑगस्ट 2010, डिलिंगहॅमच्या उत्तरेला ऑटर विमान डोंगरावर आदळलं. माजी सिनेटर टेड स्टीव्हन्स त्यात गेले. नऊपैकी पाच जण गेले, चौघे वाचले. त्या विमानात तुम्ही म्हणता तोच 406 चा ईएलटी होता. तो धक्क्याने आपल्या बैठकीतून सुटला, अँटेनापासून तुटला, आणि कुठल्याही उपग्रहाला काही ऐकू गेलं नाही. विमान पोचलं नाही हे माणसांच्या लक्षात आलं, फोनाफोनी झाली, मग शोध सुरू झाला. वाचलेल्यांनी रात्र त्या डोंगरावर पावसात काढली. तिथे माग असता तर?

पाना_पकड

तिथे डबा वेलक्रोच्या पट्ट्याने बांधलेला होता. दोष बैठकीचा होता. त्यानंतर नव्या ईएलटींसाठी वेलक्रोची बांधणी मान्य होईनाशी झाली. धातूचा पट्टा, आखूड केबल, आणि अँटेना डब्याच्या शक्य तितक्या जवळ, ही माझी बसवायची पद्धत.

एक गोष्ट मान्य करतो. गवताच्या पट्टीवर विमान नाकावर उलटलं की पाठीवरची अँटेना चेपते, मग डबा कितीही चांगला असला तरी आवाज बाहेर जात नाही. म्हणून मी स्वतः उडताना जाकिटाच्या खिशात पीएलबी, म्हणजे हाताने सुरू करायचा छोटा बीकन, ठेवतो. तोही 406 वरच बोलतो, एकदा सुरू केला की निदान 24 तास चालतो, दरमहा भाडं नाही, नोंदणी फुकट. इनरीच काचेखाली डॅशबोर्डवर चिकटवून ठेवणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो: पेटलेल्या विमानातून बाहेर पडताना ते काढायला थांबणार का?

सिअ‍ॅटलकर

एवढा खल कशाला? आयफोन 14 पासून उपग्रहावरून मदत मागता येते, आणि ते सगळ्यांच्या खिशात आहेच. 2025 पासून टी-मोबाइलचे मेसेजही स्टारलिंकवरून जातात. वेगळं यंत्र आणि त्याचं दरमहा भाडं हा मला अनावश्यक खर्च वाटतो.

रानधावपट्टी

फोन असू दे, मीही ठेवतो. पण आपत्कालीन संदेशासाठी तो हातात धरून उपग्रहाच्या दिशेला फिरवत राहावा लागतो, दोन्ही बाजूंना कडे असतील तर वाट बघावी लागते, आणि काच फुटली की संपलं. मुख्य म्हणजे अपघाताआधीचा दोन-दोन मिनिटांचा माग तो आपण होऊन सोडत जात नाही. माझा सगळा मुद्दा तिथेच आहे.

कामशेतचा_वारा

मी पॅराग्लायडिंग करतो, विमानाचं मला कळत नाही. पण एक इशारा द्यायलाच हवा. सुट्टीला भारतात येताना ते इनरीच बॅगेत टाकून आणू नका. आपल्याकडे इरिडियम आणि थुराया या उपग्रह-सेवांची यंत्रं विनापरवाना चालत नाहीत, आणि इनरीच इरिडियमवरच बोलतं. 2024 च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर याच कारणाने एका परदेशी प्रवाशाला ताब्यात घेतलं होतं. तिकडे जीव वाचवणारं यंत्र इकडे गुन्ह्याचा मुद्देमाल होतो. आमच्यासारख्यांना बीर-बिलिंगच्या मागच्या डोंगरांत असं काही कायदेशीरपणे वापरता यावं, असं मला मनापासून वाटतं. 406 चे संदेश घेणारं केंद्र आपल्या इस्रोकडे बंगळुरूला आहेच.

नाशिकची_आई

माझी मुलगी अलास्कात बेथेलला पायलट आहे. लहान विमानातून गावोगाव सामान नेते. तिने मला त्या ठिपक्याची लिंक दिली आहे. तिकडे दुपारचे बारा म्हणजे आमच्याकडे रात्रीचा दीड. तुम्ही सगळे यंत्राबद्दल बोलताय, मी बघणाऱ्या माणसाबद्दल बोलते.

मागच्या हिवाळ्यात तिचा ठिपका नदीच्या एका वळणावर थांबला. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. मी पडदा ताजा करत राहिले, मग फोन तसाच ठेवून देवघरात जाऊन बसले. कुणाला फोन करायचा ते मला माहीत नव्हतं. तासाभराने तिचा मेसेज आला, हवा खराब म्हणून एका गावात उतरून थांबली होती. पानादादा म्हणतात ते खरं आहे, पडदा तिन्ही वेळेला सारखाच दिसतो. बघणाऱ्याला काहीच करता येत नसेल तर त्या मागाचा काय उपयोग?

रानधावपट्टी

काकू, तुमचं वाचून पुन्हा विचार करायला लागलो. मे महिन्यात मी मित्राचं इनरीच उसनं घेऊन जॉन्सन क्रीकच्या धावपट्टीवर गेलो होतो. वाटेत हवेचे धक्के बसले, यंत्र डॅशबोर्डवरून घसरून सीटखाली गेलं. वर धातू, खाली धातू, आकाश दिसेना. घरच्या पडद्यावर माझा ठिपका एका कड्यावर 50 मिनिटं उभा होता. बायकोकडे एकच नंबर होता, माझा. ती तोच लावत राहिली. मी परत आलो तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त चहाचं भांडं धुवत राहिली, धुतलेलंच परत.

म्हणून मला वाटतं, लिंक आईला किंवा बायकोला देऊच नये. विमानतळावरच्या अशा माणसाला द्यावी ज्याला तो भाग माहीत आहे आणि फोन कुठे करायचा हेही माहीत आहे.

नाशिकची_आई

लिंक मी सोडणार नाही. मुलगी माझी आहे. नका बघू म्हणण्यापेक्षा काय करायचं ते सांगा, मी करीन.

पाना_पकड

काकू, बरोबर बोललात. मुलीकडून हे एका कागदावर लिहून घ्या. विमानाचा नोंदणी क्रमांक, रंग, आत किती माणसं. तिच्या कंपनीच्या डिस्पॅचचा नंबर, कारण पहिला फोन तिथे, त्यांच्याकडे विमानांची खबर असते. त्यानंतरचा नंबर अँकरेजच्या एल्मेंडॉर्फ-रिचर्डसन तळावरच्या बचाव केंद्राचा. ईएलटीचा 15 अक्षरांचा कोड. आणि सगळ्यात महत्त्वाचं, किती वाजेपर्यंत तिची खबर आली नाही तर फोन करायचा ती वेळ. त्या वेळेआधी ठिपका कितीही वेळ थांबला तरी तो फक्त ठिपका. वेळ झाली की मात्र एक मिनिटही थांबायचं नाही, कुणाला वाईट वाटेल म्हणूनही नाही.

रानधावपट्टी, तुमच्यासाठी आणखी एक. 406 घेतलात तर नोंदणी स्वतःच्या नावावर करा आणि दर दोन वर्षांनी ताजी करा. बीकन वाजला की बचाव केंद्र आधी नोंदणीतल्या फोनवर विचारतं. जुनं विमान विकत घेतलेल्या एका गिऱ्हाइकाचा बीकन हँगरमध्ये चुकून लागला, तर फोन गेला आधीच्या मालकाला, ज्याने ते विमान तीन वर्षं पाहिलेलं नव्हतं. रानात तसं झालं असतं तर खरं-खोटं ठरवण्यातच वेळ गेला असता.

रानधावपट्टी

काल बैठक झाली. इनरीच या आठवड्यात येतंय. ते डॅशबोर्डवर राहणार नाही, खांद्याच्या पट्ट्याला अडकवायचं ठरलंय, म्हणजे आकाशही दिसेल आणि आपल्याबरोबर बाहेरही पडेल. 406 चा ईएलटी ऑक्टोबरच्या वार्षिक तपासणीत, धातूच्या पट्ट्यासकट. एका भागीदाराचा अजूनही विरोध आहे, त्याचा वाटा आम्ही तिघांनी उचललाय. आधी माग, मग बीकन, हे माझं मत कायम आहे. फक्त मधले चार महिने जुन्या डब्यावर काढायचे ते मी विसरलो होतो, म्हणून तोवर खिशात पीएलबी, माझ्या पैशाने.

पाना_पकड

तुमचा क्रम मला अजूनही उलटा वाटतो. पण खांद्याचा पट्टा आणि पीएलबी, दोन्ही पटलं. तपासणीच्या दिवशी तिथे उभे राहा.

नाशिकची_आई

मुलीला मेसेज केला होता. तिने सकाळी कागदाचा फोटो पाठवला. विमान पांढरं, शेपटीवर निळा पट्टा, हे मला आजवर माहीतच नव्हतं. वेळा तिने तिथल्या लिहिल्या होत्या. मी प्रत्येकीपुढे लाल पेनाने आपली वेळ लिहून कागद फ्रिजला लावलाय, आणि एक प्रत शेजारच्या वहिनींकडे दिलीय. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे.