प्लीज नाही म्हणून उद्धट?

वर कुणीतरी लिहिलंय की मराठीत उठसूट प्लीज-थँक्यू म्हणत नाहीत म्हणून आपण उद्धट वाटतो. मला नाही पटत, खरा घोळ सुराचा असतो. जॉन गम्पर्झ नावाच्या भाषाशास्त्रज्ञांनी १९८२ च्या पुस्तकात एक किस्सा दिलाय, ब्रिटनमधल्या एका मोठ्या एअरपोर्टचं स्टाफ कँटीन, तिथे नव्याने लागलेल्या भारतीय-पाकिस्तानी बायका तुसड्या आहेत अशी सगळ्यांची तक्रार. जेवण वाढताना बोलायच्या किती, तर एकच शब्द, 'ग्रेव्ही'! पण इंग्रज बाई शेवटी सूर वर नेणार, म्हणजे 'हवी का?', आणि या बायका सूर खाली आणणार, जे आपल्याकडे अगदी नॉर्मल, पण समोरच्याला ऐकू येतं 'ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या'. बायकांना वाटत होतं आपल्याशी भेदभाव होतोय (तो बाकी ठिकाणी होत नसेल असं नाही, पण ते असो). मग रेकॉर्डिंग ऐकवून चर्चा केली तेव्हा दोन्हीकडच्यांना गोम कळली.

आपल्या घरातही तेच की, 'बसा ना' सूर लांबवून, हसून, खुर्ची पुढे सरकवत म्हटलं तर आग्रह आणि मोबाईलमधून मान न काढता म्हटलं तर बसलात तर बसा. आणि मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं हा आपल्याकडे आदर, पण अमेरिकेत इंटरव्ह्यूला तसं केलंत तर समोरच्याला वाटायचं काहीतरी लपवतोय.