सेशनमध्ये क्लायंट शांत झाला की गोठला, त्या क्षणी कसं ओळखता?

प्रश्न
सोमॅटिक थेरपीचं, म्हणजे शरीरातल्या जाणिवांमधून आघातावर काम करायचं ट्रेनिंग घेतेय, दुसरं वर्ष. टायट्रेशन (त्रासदायक आठवण थोडी थोडी घेणं), पेंड्युलेशन (त्रास आणि स्वस्थपणा यांत मागेपुढे जाणं) सगळं पाठ आहे पण समोर माणूस बसला की गोंधळ होतो. परवा एक क्लायंट अपघाताबद्दल बोलत होत्या, पाय थरथरत होते, बोलणं भरभर, आणि एकदम शांत झाल्या, मला वाटलं निवळल्या म्हणून मी पुढचं विचारलं तर म्हणाल्या, "हात माझे नाहीतच असं वाटतंय". म्हणजे त्या निवळल्या नव्हत्या, भीतीने सुन्न होऊन गोठल्या होत्या! फार वाईट वाटलं. हे आधी कसं कळणार?

उत्तर १
श्वासाकडे बघ. खरंच निवळलं की श्वास पोटात उतरतो, उसासा नाहीतर जांभई येते, पोटात गुडगुडतं, चेहऱ्यावर रंग येतो, नजर खोलीभर फिरायला लागते. गोठलं की श्वास वरवर, नजर खिळलेली, हात गार, उत्तर उशिरा आणि सपाट आवाजात. एकाच खुणेवर जाऊ नकोस, दोन-तीन जुळू देत. मला शंका आली तर मी विचारते, "आत्ता शरीरात काय जाणवतंय?"

उत्तर २
खुणांबद्दल सहमत, पण त्या प्रश्नाबद्दल नाही. गोठलेल्या माणसाला आत बघायला लावलं तर तो अजून आत जातो, हे मी पाहिलंय. तेव्हा बाहेर आणायचं, डोळे उघडे, मान हळूहळू वळवून खोलीतल्या वस्तू बघायच्या, तळपाय जमिनीवर दाबायचे. आणि लांब उच्छ्वास सरसकट देऊ नका प्लीज, श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात म्हणून धडधड होत असेल तेव्हा तो छान, पण जो आधीच विझल्यासारखा झालाय त्याला अजून मंद कशाला करायचं? त्याला थोडी हालचाल हवी, भिंतीला तळहात टेकवून ढकलणं वगैरे.

उत्तर ३
मी क्लायंट आहे, थेरपिस्ट नाही. माझ्यासोबत असंच झालं होतं, तेव्हा माझ्या थेरपिस्ट म्हणाल्या, "आपण जरा जास्तच पुढे गेलो, माझ्या उशिरा लक्षात आलं, अपघाताचं आज इथेच ठेवू". एवढं ऐकूनच माझे खांदे सैल पडले. नंतरच्या वेळी मला हाताने थांब म्हणायची खूणही ठरवून दिली, कारण गोठल्यावर तोंडातून शब्दच फुटत नाही.

प्रश्नकर्ती
हातानेही जमलं नाही तर?

उत्तर ३
एकदा तसंही झालं. म्हणून आता त्याच मधेमधे थांबतात, मी काही म्हणायच्या आधी.