घरच्या लिनक्स मशीनवर सतत एसएसएच लॉगिनचे प्रयत्न होताहेत, नेमकं काय बंद करू?

मुळाकाठ

नमस्कार. घरी दोन मशीन कायम चालू असतात. जुना डेस्कटॉप, त्यावर उबुंटू सर्व्हर २२.०४, फोटोंचा बॅकअप आणि डॉकरमध्ये (प्रत्येक सेवा वेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंद कप्प्यात, चालवणारं साधन) दोन-तीन सेवा. आणि एक रास्पबेरी पाय ४, त्यावर पाय-होल (घरच्या डीएनएसवर, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेवर, जाहिराती गाळणारा प्रोग्राम). बाहेरून एसएसएचने (दूरच्या मशीनवर टर्मिनल उघडायची सोय) डेस्कटॉपवर जाता यावं म्हणून राउटरवर त्याचा पोर्ट २२ फॉरवर्ड केला आहे, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी राउटर डेस्कटॉपकडे पाठवतो, लॉगिन पासवर्डनेच होतं.

ऑथ लॉग (लॉगिनच्या नोंदींची फाइल) उघडला तर 'फेल्ड पासवर्ड'च्या ओळी थांबतच नाहीत. नावं रूट, अ‍ॅडमिन, उबुंटू, पोस्टग्रेस, ओरॅकल, टेस्ट, पाय अशी. त्यात इंटरनेट कंपनीचा मेल आला की तुमच्या कनेक्शनवरचं एखादं उपकरण बॉटनेटमध्ये (परक्याच्या ताब्यात गेलेल्या मशीनच्या जाळ्यात) असू शकतं, सोबत सायबर स्वच्छता केंद्राची (सरकारी केंद्र) लिंक.

फेल-टू-बॅन (वारंवार चुकीचं लॉगिन करणारा आयपी अडवणारं साधन) लावून पोर्ट बदलला तर पुरेल का? कोणी आत आलंय का हे कसं ओळखायचं? बाहेरून जायची सोय मात्र हवीच आहे.

रात्रपाळी

पुरणार नाही. शिवाय क्रम उलटा होतोय. कुलूप बदलण्याआधी घरात कोणी आहे का ते बघा, कारण आत कोणी असेल तर पुढची सगळी मेहनत त्याच्या डोळ्यांसमोर होईल. (कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो, टर्मिनलमध्ये रोमन लहान अक्षरांत द्या.)

'फेल्ड'च्या ओळी मोजत बसू नका. पब्लिक आयपीवर पोर्ट २२ उघडा ठेवला की काही मिनिटांत त्या सुरू होतात. शोधायचा शब्द 'अ‍ॅक्सेप्टेड'. ऑथ लॉगमध्ये तो ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) शोधा. उबुंटूवर हा लॉग आठवड्याला फिरतो आणि साधारण चार जुन्या प्रती राहतात, त्यातल्या बहुतेक जीझेड (कॉम्प्रेस केलेल्या) असतात, म्हणून त्यांच्यावर झेडग्रेप चालवा. प्रत्येक 'अ‍ॅक्सेप्टेड' ओळीत युजर, आयपी आणि पद्धत (पासवर्ड किंवा पब्लिक की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली) दिसेल. तुमच्या ओळखीचा नाही असा एकही आयपी असला तरी पुरे. त्यानंतर 'लास्ट -आय' (आयपीसकट लॉगिनची यादी) बघा. रूट (मशीनवरचे सर्वाधिकार) मिळवलेला माणूस लॉग पुसू शकतो, त्यामुळे लॉग स्वच्छ दिसला म्हणून मशीन स्वच्छ ठरत नाही. उलट लॉगमध्ये मधलेच दिवस गायब असतील तर तो पुरावाच समजा.

आता फेल-टू-बॅन. त्याची मूळ मर्यादा दहा मिनिटांत पाच चुका, मग दहा मिनिटं बंदी. आजचे बॉटनेट एकाच नावावर हजारो वेगवेगळ्या आयपींवरून एक-दोन पासवर्ड टाकून जातात. त्यातला एकही आयपी पाच चुकांपर्यंत पोचत नाही. पोर्ट बदलल्याने लॉग शांत होतो, ही सोयच आहे. पण ज्याला सगळे पोर्ट चाळायचे आहेत त्याला तो सापडतोच.

खरा फरक पडतो तो पासवर्ड लॉगिन पूर्ण बंद केल्याने. मशीन स्वच्छ असल्याची खात्री झाल्यावर लॅपटॉपवर 'एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९' चालवून की बनवा, तिला पासफ्रेज (त्या कीचाच पासवर्ड) द्या आणि 'एसएसएच-कॉपी-आयडी'ने सर्व्हरवर पाठवा. कीने लॉगिन होतंय हे पाहिल्यावरच सर्व्हरच्या कॉन्फिगला हात लावा. सेटिंग तीन: 'पासवर्डऑथेंटिकेशन नो', 'केबीडीइंटरॅक्टिव्हऑथेंटिकेशन नो', 'परमिटरूटलॉगिन नो'. मधली ओळ विसरली तर पॅमच्या (लिनक्सची लॉगिन तपासणारी व्यवस्था) वाटेने पासवर्ड विचारणं चालूच राहू शकतं.

इथेच बहुतेक जण फसतात. एसएसएचडी (सर्व्हरवर चालणारा एसएसएचचा प्रोग्राम) एखाद्या सेटिंगची पहिली सापडलेली किंमत धरतो, नंतरची नाही. उबुंटूच्या मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये अगदी वरच 'इन्क्लूड' आहे, ते 'एसएसएचडी_कॉन्फिग.डी' फोल्डरमधल्या फाइली आधी वाचतं. सर्व्हर इन्स्टॉलरने तिथे '५०-क्लाउड-इनिट' नावाची फाइल ठेवलेली असू शकते आणि तिच्यात 'पासवर्डऑथेंटिकेशन येस' असतं. मग तुम्ही मुख्य फाइलमध्ये 'नो' लिहिता, सर्व्हिस रीस्टार्ट करता, आणि पासवर्ड चालूच राहतो. म्हणून आपली सेटिंग त्याच फोल्डरमध्ये '१०-माझं' अशा कमी आकड्याच्या फाइलमध्ये लिहा (फाइलचं नाव रोमनमध्ये, शेवट '.कॉन्फ'). लहान टीने 'सुडो एसएसएचडी -टी' (सुडो म्हणजे कमांड रूटच्या अधिकाराने चालवणं) हा व्याकरण तपासतो. मोठ्या टीने दिला तर प्रत्यक्षात लागू होणारी सेटिंग छापतो, त्यात तिन्ही ओळी डोळ्यांनी बघा. रीस्टार्ट करताना आधीचं सेशन उघडं ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन करून पाहा.

की चालत नसेल तर बहुधा परवानग्या चुकलेल्या असतात: '.एसएसएच' फोल्डर ७००, 'ऑथराइज्ड_कीज' (लॉगिनची मुभा असलेल्या कींची फाइल) ६००, म्हणजे दोन्ही फक्त मालकापुरते, आणि होम फोल्डरवर ग्रुपला लिहिण्याची मुभा नको.

टर्मिनलवाला

रात्रपाळींशी सहमत. पण तो मेल डेस्कटॉपबद्दलच आहे असं धरू नका. कंपनीला फक्त तुमच्या राउटरचा आयपी दिसतो, आतलं उपकरण नाही. २०१६ मध्ये मिराई हा बॉटनेटचा मालवेअर पसरला तो मुख्यतः कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटरवर, टेलनेटचे (दूरून लॉगिन करायची जुनी पद्धत) पोर्ट २३ आणि २३२३ चाळून, कारखान्यातून आलेल्या साठेक युजर-पासवर्ड जोड्या वापरून. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला होऊन ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या साइट अडखळल्या, त्यात हीच उपकरणं होती. मिराई मेमरीत राहतो, रीबूट केल्यावर जातो. पण पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत परत येतो. म्हणून सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि अनोळखी ब्रँडचा अँड्रॉइड टीव्ही बॉक्स यांच्यावरही तेवढाच संशय घ्या.

पायचं म्हणाल तर एप्रिल २०२२ पासून रास्पबेरी पाय ओएसमध्ये 'पाय' हा ठरावीक युजर येत नाही. त्याआधीच्या इमेजवरून केलेलं इन्स्टॉलेशन असेल तर युजर 'पाय', पासवर्ड 'रास्पबेरी' अजून तसाच आहे का ते आजच बघा. २०१७ मध्येच फक्त ही जोडी शोधून पायवर क्रिप्टो मायनिंग करणारा मालवेअर फिरत होता.

मग राउटर. यूपीएनपी बंद करा, नाहीतर आतलं कोणतंही उपकरण तुम्हाला न विचारता पोर्ट उघडून घेतं. डीएमझेड (एक उपकरण बाहेरून पूर्ण उघडं ठेवणारी सेटिंग) बंद. रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरची सेटिंग बदलायची सोय) बंद. पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत तुम्ही न टाकलेली ओळ आहे का ते पाहा. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) चालू असेल तर राउटरचा आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे हे वेगळं तपासा. तिथे नॅट (सगळी उपकरणं एकाच पत्त्यामागे ठेवणारी सोय) नसतो, प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो, आणि आयपीव्ही४ चं फॉरवर्डिंग काढून टाकल्याने ते दार बंद होत नाही.

डॉकरबद्दल एक, कारण तुम्ही तो वापरता. यूएफडब्ल्यूमध्ये (उबुंटूचा फायरवॉल) पोर्ट बंद केला तरी डॉकरने '८०८०:८०' असा उघडलेला पोर्ट उघडाच राहतो. डॉकर स्वतःचे आयपीटेबल्स (कर्नलच्या फायरवॉलचे) नियम टाकतो, त्यामुळे पॅकेट यूएफडब्ल्यूच्या इनपुट साखळीपर्यंत येण्याआधीच कंटेनरकडे वळतं. सेवा फक्त त्या मशीनपुरती हवी असेल तर '१२७.०.०.१:८०८०:८०' लिहा.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर तुम्ही कंपनीच्या सामायिक नॅटमागे आहात, पोर्ट फॉरवर्ड चालणारच नाही. मुळाकाठ, तुमच्या लॉगमध्ये जगभरातून प्रयत्न दिसताहेत, म्हणजे तुमचा पत्ता सार्वजनिक आहे.

मुळाकाठ

दोघांचे आभार. सांगितल्याप्रमाणे बघितलं. 'अ‍ॅक्सेप्टेड पासवर्ड फॉर टेस्ट' अशी ओळ परक्या आयपीवरून आहे. टेस्ट हा युजर डॉकर शिकताना बनवला होता, डॉकर ग्रुपमध्ये आहे, सुडोमध्ये नाही. टॉपमध्ये (चालू प्रोसेसची यादी) 'केस्वॅपडी०' जवळजवळ सगळे कोअर खातोय. हा तर कर्नलचा भाग ना? त्या युजरच्या 'ऑथराइज्ड_कीज'मध्ये माझी नसलेली एक ओळ आहे आणि क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कमांडची यादी) '.कॉन्फिगआरसी' नावाच्या फोल्डरकडे जाणाऱ्या ओळी. सुडो नसल्यामुळे फक्त हा युजर उडवला तर चालेल?

अनघा

नाही चालणार. आधी नेटवर्कची केबल काढा, मग पुढचं वाचा.

कर्नलचा खरा केस्वॅपडी० पीएसच्या यादीत चौकोनी कंसात दिसतो, त्याचा मालक रूट असतो, पॅरेंट पीआयडी (त्याला सुरू करणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक) २ असतो आणि प्रॉकमधल्या त्याच्या 'एक्सई' दुव्यामागे कोणतीही फाइल नसते. तुमचा टेस्टच्या नावाने चालतोय, म्हणजे खोटा. या नावाचा मायनर, '.कॉन्फिगआरसी' फोल्डर, क्रॉनच्या ओळी आणि घुसवलेली की ही सगळी लक्षणं आउटलॉ नावाच्या बॉटनेटशी जुळतात. कमकुवत एसएसएच पासवर्ड शोधायचा, मोनेरोचा (एक क्रिप्टो चलन) मायनर टाकायचा आणि त्याच मशीनवरून पुढची मशीन चाळायची, ही त्याची रीत. तो मेल बहुधा या चाळण्यामुळेच आला असणार.

डॉकर ग्रुप म्हणजे रूटच. त्या ग्रुपमधला युजर यजमानाचं पूर्ण फाइलसिस्टिम कंटेनरमध्ये माउंट करून हवं ते लिहू शकतो, सुडोचा पासवर्ड लागत नाही. त्या बॉटने तसं केलं असेलच असं नाही. पण केलं नाही हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही, म्हणून मशीन रूटपर्यंत गेलं असं धरूनच चालायचं.

प्रोसेस मारत बसू नका. अशा मालवेअरमध्ये राखणदार प्रोसेस किंवा क्रॉनची ओळ असते, एक मारली की दुसरी उभी राहते. २०१४ पासून फिरणाऱ्या झॉर-डीडॉसमध्ये तर 'क्रॉन.अवरली' फोल्डरमधली 'जीसीसी.एसएच' दर काही मिनिटांनी मालवेअरची प्रत परत जिवंत करते. पुरावा हवा असेल तर किल न देता 'किल -स्टॉप' द्या, प्रोसेस गोठते आणि राखणदाराला ती मेल्याचं कळत नाही. मग त्या फोल्डरची आणि लॉगची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. एवढं झालं की मशीन बंद.

लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) बूट करा, जुनी डिस्क 'आरओ' (फक्त वाचन) आणि 'नोएक्झेक' (त्यावरचा प्रोग्राम चालू न देणारा) पर्याय देऊन माउंट करा आणि फक्त डेटा काढा: फोटो, कागदपत्रं, डेटाबेसचे डंप, कंपोझ फाइल (डॉकरच्या सेवा कशा चालवायच्या ते लिहिलेली). कंपोझ फाइलची प्रत्येक ओळ वाचून मगच वापरा. '.एसएसएच', '.बॅशआरसी', क्रॉनटॅब, '/यूएसआर/लोकल' यातलं काहीही नवीन इन्स्टॉलवर नेऊ नका. कंटेनरच्या इमेज नव्याने उतरवा. जुनी डिस्क पूर्ण पुसूनच नवीन उबुंटू टाका.

डेस्कटॉपवर पायवर लॉगिन करणारी, पासफ्रेज नसलेली की होती का? 'नोन_होस्ट्स'मध्ये (आधी जोडलेल्या मशीनची यादी) पायचा पत्ता आहे का? असेल तर पायचं एसडी कार्डही नव्याने लिहा. त्यावरच्या पाय-होलमध्ये घरच्या सगळ्यांचं डीएनएस आहे. डेस्कटॉपवर टाइप केलेला किंवा साठवलेला प्रत्येक पासवर्ड आणि टोकन दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदला. राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला आणि त्यातले डीएनएस पत्ते तुम्हीच दिलेले आहेत ना ते बघा.

रात्रपाळी

अनघाताईंचं शब्दशः करा. नवीन इन्स्टॉलवर एसएसएच बाहेर उघडूच नका, की असली तरी. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेला सीव्हीई-२०२४-६३८७ हा ओपनएसएसएचमधला (उबुंटूवरचा एसएसएच प्रोग्राम) दोष लॉगिनच्या आधीच, पासवर्ड किंवा की न लागता वापरता येणारा होता आणि २२.०४ मधला ओपनएसएसएच ८.९ त्यात सापडत होता. (उबुंटूने दुरुस्ती ८.९ मध्येच घातली, म्हणून नुसता आवृत्तीचा आकडा बघून काही ठरवू नका. अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप होणारे अपडेट) चालू ठेवा.)

बाहेरून यायला वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतचा कूटबद्ध टनेल). राउटरवर फक्त यूडीपी ५१८२० फॉरवर्ड करा, २२ काढा. ज्याच्याकडे योग्य की नाही त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे चाळणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. सर्व्हरला १०.८.०.१/२४, फोनला १०.८.०.२/३२, लॅपटॉपला १०.८.०.३/३२, प्रत्येकाची की वेगळी. म्हणजे फोन हरवला तर एकच पीअर (त्या उपकरणाची नोंद) काढायचा. मोबाइल नेटवर्कवरून जोडणी मधेच थंडावत असेल तर फोनच्या बाजूला 'पर्सिस्टंटकीपअलाइव्ह २५'.

यूएफडब्ल्यूमध्ये इनकमिंग डीफॉल्ट 'डिनाय', यूडीपी ५१८२० ला 'अलाउ', आणि पोर्ट २२ ला फक्त 'डब्ल्यूजी०' (वायरगार्डचा) इंटरफेसवरून 'अलाउ'. घरातूनही लागणार असेल तर घरच्या सबनेटवरून आणखी एक नियम. काही लेखांत एसएसएचडीच्या 'लिसनअ‍ॅड्रेस'मध्ये १०.८.०.१ लिहायला सांगतात, ते टाळा. बूटच्या वेळी डब्ल्यूजी० उभं राहण्याआधी एसएसएच सुरू झालं तर त्याला तो पत्ता सापडत नाही, सर्व्हिस पडते आणि तुम्ही बाहेर अडकता.

घरचा आयपी बदलत असेल तर डायनॅमिक डीएनएस (बदलत्या आयपीला कायमचं नाव देणारी सेवा) घ्या. वायरगार्ड ते नाव फक्त सुरुवातीला एकदाच विचारतो. मधेच आयपी बदलला की टनेल मेल्यासारखा वाटतो. फोनवर बंद करून पुन्हा चालू केला की जुळतो.

मुळाकाठ

केबल काढली आहे, लाइव्ह यूएसबीवरून फोटो काढतोय. नवीन इन्स्टॉल २४.०४ चं करणार. पोर्ट बदलायची गरज आता उरत नाही ना?

टर्मिनलवाला

वायरगार्डमागे असताना नाही. तरी कधी बदललात तर २४.०४ मध्ये एसएसएच सॉकेटवरून सुरू होतं, म्हणजे पोर्ट सिस्टीम ऐकते आणि जोडणी आल्यावर एसएसएच उभं करते. कॉन्फिगमध्ये पोर्ट बदलून नुसती एसएसएच सर्व्हिस रीस्टार्ट केली तर जुनाच पोर्ट ऐकत राहतो. आधी 'सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड', मग 'सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एसएसएच.सॉकेट', आणि 'एसएस -टीएलएनपी'मध्ये कोणता पोर्ट ऐकतोय ते बघा. आकडा १०२४ च्या आतला निवडा, वरच्या पोर्टवर कोणताही साधा युजर स्वतःचा खोटा एसएसएच बसवू शकतो.

आणि टेस्ट युजर या वेळी बनवू नका. 'अलाउयूजर्स'मध्ये फक्त तुमचं एक नाव लिहा.