हाडासाठी रोज नवा स्कॅफोल्ड कशाला? आहे तो माल स्वस्त करा की!

बर्डीवाला: इंजिनिअरिंगच्या पोस्टर प्रदर्शनात तेच ते. अमुक पॉलिमरमध्ये हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट मिसळलं, नव्या हाडाला वाढायला आधार देणारी सच्छिद्र चौकट, म्हणजे स्कॅफोल्ड, केली, तिच्यावर पेशी जगल्या. जगणारच ना, हाडातलं खनिज त्याच जातीचं! हाडाला चिकटणारी काच लॅरी हेंच यांनी १९६९ मध्येच केली. आता कॅल्शियम फॉस्फेटचे साधे दाणे नागपूरच्या मेडिकल-मेयो या सरकारी दवाखान्यांतल्या गरिबाला परवडतील असे बनवा, बस.

पदार्थवेडी: दाणे खड्डा भरतात, भार नाही घेत. मांडीचं चार सेंटिमीटर हाड उडालं तर? रक्तवाहिन्या नीट आत शिरायला ३०० मायक्रॉनच्या आसपासची छिद्रं लागतात, आणि छिद्रं वाढली की ताकद घसरते. पॉलिमरांत पॉलीलॅक्टिक अ‍ॅसिड विरघळताना आम्ल सोडतं, पॉलीकॅप्रोलॅक्टोन दोन-तीन वर्षं रेंगाळतं, मॅग्नेशियम धातूतून हायड्रोजन वायू निघतो. हाड भरेल त्याच वेगाने विरघळणारं आणि तोवर तग धरणारं काही हाती नाही. अन् तुम्ही म्हणता शोधू नका!

बर्डीवाला: भार हाडात घातलेली धातूची सळई, म्हणजे नेल, घेते. स्कॅफोल्डनेच घ्यावा हा हट्ट काऊन?

पदार्थवेडी: हाड जुळलंच नाही तर नेलही थकून तुटते.

ऑर्थो_रेसिडेंट: आम्ही अजून पेशंटच्याच कमरेचं हाड काढून लावतो. त्यात जिवंत पेशी असतात आणि मालाचं बिल शून्य. पण दुसरी जखम होते. कित्येक जण राउंडला पायाचं सोडून कमरेचंच दुखणं सांगतात. लहान पोरांत तर तेवढं हाड मिळतच नाही.

गडचिरोलीचा: सिकलसेलचं, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आजाराचं, कोणीच बोलत नाही बाप्पा! विदर्भातला आजार आहे हा. रक्तपुरवठा तुटून खुब्याचा गोळा ऐन तरुणपणी मरतो. निरोगी सशाच्या हाडात भोक पाडून स्कॅफोल्ड भरला अन् हाड आलं, त्यात काय मोठं? ससा धडधाकट होता. सिकलच्या खुब्यात रक्तच पोचत नाही, तिथे तुमचा पदार्थ काय करील ते दाखवा. नागपुरातच व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजात मटेरियल्सवाले, मिहानला एम्स, मेडिकल चौकात मेडिकल. एकाच गावात राहून एकमेकांकडे जायला काय होतं?

बर्डीवाला: म्हणजे अडलंय रक्तापाशी. नव्या मिश्रणापाशी नाही. माझंच म्हणणं झालं हे.

पदार्थवेडी: कसं काय? त्या हाडाला चिकटणाऱ्या काचेत थोडं तांबं घालून रक्तवाहिन्या वाढवायचे प्रयोग चालू आहेत. तेही नवं मिश्रणच. तांबं जास्त झालं तर पेशी मरतात, म्हणून मात्रेवर काम लागतं.

ऑर्थो_रेसिडेंट: करा, पण आमच्या ओटीकडेही बघा. वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर चालतो. पॉलीलॅक्टिक अ‍ॅसिडचा स्कॅफोल्ड त्यात मऊ पडून आकार सोडतो. म्हणजे गॅमा किरणांनी निर्जंतुक करून बंद पाकिटातच पाठवावा लागेल. तो खर्च तुमच्या हिशेबात धरलाय का?