माल्टा: कायदा आहे, परंतुकाने गिळला

एक दावा नेहमी ऐकू येतो की राज्यघटनेतच निःपक्षपातीपणा लिहून ठेवला की पक्षाच्या मालकीची वाहिनी आटोक्यात राहते. माल्टात तो लिहिलेलाच आहे, कलम ११९ मध्ये. राजकीय वाद, औद्योगिक वाद, चालू सरकारी धोरण या विषयांत शक्य तितका निःपक्षपातीपणा राखला जाईल आणि पक्षांना वेळ न्याय्य वाटला जाईल, हे पाहणं ब्रॉडकास्टिंग अथॉरिटी या प्रसारण नियामकाचं काम.

गोम पुढे आहे. १९९१च्या प्रसारण कायद्याने खासगी परवान्यांची दारं उघडली आणि त्यातून तिथल्या दोन मोठ्या पक्षांच्या वाहिन्या, मजूर पक्षाची 'वन' नि नॅशनलिस्ट पक्षाची 'नेट', उभ्या राहिल्या. त्याच कायद्याच्या कलम १३ला एक परंतुक, म्हणजे मुख्य नियमाला जोडलेली पुस्ती, आहे: समतोल तपासताना अथॉरिटी सगळ्या वाहिन्यांचं प्रसारण एकत्रितपणे विचारात घेऊ शकते. म्हणजे 'वन'चं बातमीपत्र एकतर्फी असलं तरी पलीकडे 'नेट' आहेच, झाली फिट्टंफाट! जो प्रेक्षक एकच वाहिनी लावतो, त्याच्या वाट्याला हा समतोल कधी येतच नाही. ज्या तिसऱ्या पक्षाकडे वाहिनी नाही, तो तर या हिशेबातच नाही.

आणि पंच कोण? राज्यघटनेच्या कलम ११८नुसार अथॉरिटीचे सदस्य राष्ट्रपती नेमतात, पंतप्रधानांच्या सल्ल्याने आणि विरोधी पक्षनेत्याशी विचारविनिमय करून. थोडक्यात, ज्या दोन पक्षांच्या या वाहिन्या, त्यांच्याच नेत्यांच्या सल्लामसलतीने. २०२१ मध्ये 'लव्हिन माल्टा' या संकेतस्थळाने न्यायालयात आव्हान दिलं ते नेमकं या परंतुकालाच. माझ्या मते नेम बरोबर होता, कारण ते काढलं की प्रत्येक वाहिनीला ११९ स्वतंत्रपणे लागू करता येतं.