परवानगीशिवाय राजघराण्यात लग्न: लग्न रद्द की वारसा रद्द?

पाटीपेन्सिल: ब्रिटिश राजघराण्यातल्या कुणी राजाला न विचारता लग्न केलं, तर ते लग्नच कायद्याने रद्द, असं एकीकडे वाचलं. दुसरीकडे म्हणतात लग्न टिकतं, फक्त गादीवरचा हक्क जातो. खरं काय? आणि परवानगी कुणाकुणाला लागते, पार चुलत-चुलत भावंडांनाही?

सनावळी: दोन्ही खरं, कायदे दोन आहेत. पहिला १७७२ चा. तेव्हाचा राजा तिसरा जॉर्ज, त्याच्या भावाने, ड्यूक ऑफ कंबरलँडने, १७७१ मध्ये अ‍ॅन हॉर्टन या विधवेशी परस्पर लग्न उरकलं. त्या रागातून तो आला. दुसऱ्या जॉर्जच्या सगळ्या वंशजांना राजाची संमती सक्तीची, परदेशी घराण्यांत दिलेल्या राजकन्यांची संतती तेवढी वगळलेली. संमती नाही तर लग्न मुळातच रद्दबातल. पंचविशी ओलांडलेल्याला एक पळवाट होती: प्रिव्ही काउन्सिलला, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाला, नोटीस द्यायची, १२ महिने थांबायचं, तेवढ्यात पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी उघड नापसंती दाखवली नाही तर लग्नाला मोकळे.

२०१३ च्या कायद्याने तो मोडीत काढला. हा लागू झाला २६ मार्च २०१५ ला. आता परवानगी फक्त रांगेतल्या पहिल्या सहांना. न घेता लग्न केलं तर लग्न पक्कं, पण तो माणूस आणि त्या लग्नाची संतती रांगेतून बाद.

खलबत्ता: सहा मोजायचे ते लग्नाच्या वेळी, इथे बरेच जण चुकतात. हॅरीला राणीने काउन्सिलमध्ये संमती दिली १४ मार्च २०१८ ला, तेव्हा तो पाचवा. २३ एप्रिलला थोरल्या भावाचा, विल्यमचा, मुलगा लुई जन्मला आणि १९ मेच्या लग्नात हॅरी सहावा. जुळं झालं असतं तर सातवा, म्हणजे परवानगीची गरजच उरली नसती! तोंडी होकार मात्र चालत नाही: संमतीवर ग्रेट सील, म्हणजे मोठी राजमुद्रा, लागते, ती काउन्सिलमध्ये जाहीर होते आणि काउन्सिलच्या दप्तरात नोंदली जाते.

जुनेरं: जुन्या कायद्याची खरी गंमत १५ डिसेंबर १७८५ च्या लग्नात आहे. तिसऱ्या जॉर्जच्या थोरल्या मुलाने, २३ वर्षांच्या प्रिन्स ऑफ वेल्सने, मारिया फिट्झहर्बर्टशी तिच्याच घरी गुपचूप लग्न केलं. ती कॅथलिक, आणि कॅथलिकाशी लग्न केलं की १६८९ आणि १७०१ च्या कायद्यांनी गादी गेली. पण संमती नव्हती, म्हणून १७७२ च्या कायद्याने लग्नच झालं नाही असं धरलं गेलं, आणि गादी वाचली! १७९५ मध्ये त्याने ब्रन्सविकच्या कॅरोलाइनशी लग्न केलं, त्यालाही द्विभार्येचा अडथळा आला नाही. बापाने मुलांना वेसण घालायला केलेला कायदा थोरल्याच्या असा उपयोगी पडला.

परदेशी जाऊन लग्न लावायची युक्तीही फसलेली आहे. त्याच्याच भावाने, तेव्हाच्या ड्यूक ऑफ ससेक्सने (हॅरी नव्हे), १७९३ मध्ये रोममध्ये लग्न केलं. पुढे त्याच्या मुलाने बापाच्या किताबावर दावा लावला. १८४४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की लग्न कुठेही लागो, कायदा लागू होतो.

पाटीपेन्सिल: म्हणजे आता कॅथलिक जोडीदार चालतो? आणि लग्नाआधीचं किंवा दत्तक मूल?

सनावळी: हो, २०१३ च्या कायद्याने जोडीदार चालतो, स्वतः कॅथलिक असलेलं चालत नाही. १९७८ मध्ये कॅथलिक बाईशी लग्न केल्यामुळे बाद झालेले केंटचे प्रिन्स मायकेल २०१५ मध्ये परत रांगेत आले. लग्नाआधी झालेलं मूल आईबापांनी पुढे लग्न केलं तर एरवी औरस ठरतं, गादीपुरतं नाही. दत्तकालाही हक्क नाही. (साताऱ्याचा दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा झालं ते १८४८ मध्ये. तिथे निदान दत्तकविधानाची परंपरा तरी होती.)

खलबत्ता: एक राहिलं. १७७२ च्या कायद्याने रद्द ठरलेली काही जुनी लग्नं २०१३ च्या कायद्याने मागाहून वैध केली आहेत. अटी चार: दोघांपैकी कुणीही तेव्हा पहिल्या सहांत नसावं, संमती मागितलेली किंवा नोटीस दिलेली नसावी, आपल्याला हा कायदा लागू आहे हे त्या माणसाला ठाऊक नसणं स्वाभाविक असावं, आणि लग्न रद्द समजून नवा कायदा येण्याआधी कुणी व्यवहार केलेला नसावा. फिट्झहर्बर्टचं लग्न पहिल्याच अटीवर बाद होतं. बाकीच्यांनीही हुरळून जाऊ नये: लग्न वैध झालं तरी गादीच्या वारशात त्याने काही बदलत नाही, असं त्याच कलमात लिहिलंय.